गाठ मागं ठेवून जायचं नाही

आमच्या संस्थेच्या प्रकल्पांच्या फॉर्ममध्ये शेवटून दुसरा रकाना असतो, 'सांस्कृतिक बाबी'. बाकीचे रकाने भरताना माझा जीव मेटाकुटीला येतो, पण हा एक मी हौसेने भरते. मावशीच्या फॉर्ममध्ये मी तिथे लिहिलं होतं : 'ज्याने बांधले त्यानेच सोडायचे, आणि सोडल्याशिवाय गाव सोडायचे नाही, असा नेम आहे.' वाक्य बरं जमलंय म्हणून स्वतःवरच खूश झाले आणि पुढच्या रकान्याकडे वळले. त्या एका ओळीत एक बाई अडकून पडणार होती, हे माझ्या ध्यानात यायला पुढचा शिमगा उजाडावा लागला.

मावशी घाटाखालची, कातकरी. दर वर्षी दिवाळी झाली की त्यांची दहा-बारा कुटुंबं ट्रकमधून वर येतात. आमच्या बारामती तालुक्याची कऱ्हाटीकडची बाजू कोरडी, तिथे वेडी बाभूळ माजलेली. ती तोडायची, भट्टी लावायची, कोळसा पाडायचा आणि पावसाच्या तोंडावर परत घाट उतरायचा. मी राहते वडगाव निंबाळकरला, उसाच्या आणि गाईंच्या गावात, तिथेच सून म्हणून आलेली. आमच्याकडे त्या माणसांना सगळे 'कोळसेवाले' म्हणतात. मीसुद्धा म्हणायचे, समाजकार्याची पदवी घेऊनही.

पालावर पहिल्यांदा गेले ती लहान मुलांच्या लसीची यादी करायला. तेवढ्यात ट्रॅक्टरवरून पडलेल्या एका ड्रायव्हरला दोघांनी धरून आणलं. कोपराच्या खाली हात लोंबत होता. एक काळीसावळी, काटकुळी बाई हातातलं काम टाकून उठली, तीच मावशी. तिने डोळे मिटून त्या हातावरून बोटं फिरवली, मग काहीतरी विचारल्यासारखं करून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवलं आणि एक हिसका दिला. तो ओरडला तेव्हा माझ्या हातातली यादी खाली पडली. तिने कांडवेल ठेचून लावली, वरून बांबूच्या कामट्या, त्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, आणि शेवटी एक गाठ. गाठ मारताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली.

"एकवीस दिसांनी ये. मीच सोडनार," ती त्याला म्हणाली. "दुसऱ्या कुनाला हात लावू दिऊ नको."

मी विचारलं, "तुम्ही मधेच गावाला गेलात तर?"

"जायाचं न्हाय," ती म्हणाली. "गाठ मागं ठिवून जायाचं न्हाय. माज्या आयचा नेम हाय."

तिच्या आईचे तीन नेम होते. दारात आलेलं मोडलेलं हाड परत पाठवायचं नाही. त्याचं मोल घ्यायचं नाही, नारळ चालेल. आणि ही गाठ. पंधरा वर्षं वर येऊन-जाऊन तिची बोली आमच्यासारखीच झाली होती, त्यामुळे तिचं मला सगळं कळलं. म्हणजे शब्द कळले.

तो ड्रायव्हर महिन्याने पोतं उचलताना दिसला आणि मी वेडीच झाले. संस्थेत जाऊन दोन तास बोलले. आदिवासींचं ज्ञान, त्यांचा मान, गावाशी नातं, काय काय बोलले असेन कोण जाणे! आमचे वरिष्ठ भले गृहस्थ आहेत, पण त्यांना 'यशोगाथा' या शब्दाची तहान लागलेली असते. पुढच्या दिवाळीपर्यंत कऱ्हाटीच्या रस्त्यालगत संस्थेच्या रोपवाटिकेत मावशीसाठी पत्र्याची खोली उभी राहिली, समोर कांडवेलीचा वाफा झाला आणि रस्त्यावर ठळक अक्षरांचा बोर्ड लागला. बोर्डावर फोन नंबर माझा, कारण मावशीकडे फोन नव्हता. मी एक शहाणपणा मात्र केला होता. आधी बारामतीला एक्स-रे, हाड बाहेर आलेलं असेल तर थेट दवाखाना, बाकीचे मावशीकडे. डॉक्टरांनाही ते पटलं. बैठकीत मी ते इतक्या वेळा सांगितलं की माझी मलाच मी फार व्यवस्थित बाई वाटायला लागले.

माणसं आली. आधी लोणी भापकरचे म्हातारे आले, मग वडगावच्या गोठ्यांत घसरलेल्या बाया, मग इंदापूरकडून गाड्या भरभरून. ज्यांच्या घरात पाहुण्याला स्टीलच्या ताटात आणि कोळसेवाल्याला पत्रावळीवर जेवण मिळतं, त्या घरातली माणसं मावशीपुढे मांडी घालून बसत. हे बघायला मला फार गोड वाटायचं. रोपवाटिकेच्या कोपऱ्यात नारळांचा ढीग झाला. मावशीचा नवरा भट्टीवर जायचा आणि ही खोलीत बसून गाठी मारायची. पाहुणे यायचे, फोटो निघायचे. ती फोटोत कधी हसली नाही. आम्ही त्याला 'करारी' म्हणायचो.

शिमग्याच्या आधी आठ दिवस ती मला म्हणाली, "ताई, आमी सनाला घरला जातो. दर वर्साला जातो."

"जा की," मी म्हटलं.

"कशी जाऊ?" तिने बोटं पुढे केली आणि एकेक मिटत गेली. "हा भिगवनचा, तो परवाच बांदला. ही तुमच्या वडगावची म्हातारी, तिला आजून धा दीस. आन आज सकाळी तू आनलास तो. एक गाठ सुटती तवर दोन बसत्यात. मी घरला कवा जायाचं?"

पूर्वी वर्षाला तिच्याकडे चार-पाच हाडं यायची. एक गाठ सुटली की मधे कितीतरी मोकळे दिवस. आमच्या बोर्डाने ते मोकळे दिवस खाऊन टाकले होते. तिचे सगळे शिमग्यापुरते घाट उतरले आणि ती पत्र्याखाली एकटी बसली. होळीच्या दिवशी मी तिला पुरणपोळी नेऊन दिली. आता आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मी हात-पाय हलवले नाहीत असं नाही. वरिष्ठांना म्हटलं, तीन आठवडे बंद ठेवू. ते म्हणाले, एप्रिलमध्ये पाहुणे येणार आहेत, तेवढं होऊ दे. मग म्हटलं, बोर्ड काढू. तर म्हणाले, बोर्ड काढून उपयोग काय, आता लोकांना खोली पाठ झाली आहे. ते मात्र खरंच होतं. मी फोनवर 'मावशी नाहीत' म्हणून खोटं बोलायला लागले, तरी माणसं थेट दारात उतरायची, आणि दारात उतरलेल्याला नाही म्हणायची तिला मुभा नव्हती. एका नात्यातल्या तात्यांनी तर मला सुनावलं, "आमच्याच पोराच्या टायमाला बरी तुजी मावशी गावाला गेली गं?" मी त्यांच्या पोराला स्वतः गाडीतून मावशीकडे घेऊन गेले. नात्यात तोंड वाकडं करून कुठे जाणार होते?

मावशीला मी एकदा चिडून म्हटलंही, "एकदा मोडा ना हा नेम! काय होतंय?"

"माजी पोरगी पोटुशी हाय," ती शांतपणे म्हणाली. "पैल्यांदाच. मी गाठ मागं ठिवून गेली तर तिची गाठ सुटायची न्हाय. बाळ अडतं."

तिच्या मुलीचं बाळंतपण वैशाखात होतं, आणि ते मावशीच करणार होती. वाडीतली निम्मी मुलं तिच्याच हातावर जन्मलेली. मुलगी घाटाखाली, सासरी. तिने निरोप धाडला होता की आई आल्याशिवाय ती कुणाला हात लावू देणार नाही. म्हणजे मावशी गेली पाहिजे होती, आणि गाठ ठेवून जायचं नव्हतं. दोन्हीकडून दार बंद, आणि दोन्ही कड्या मीच घातलेल्या.

मे महिन्याच्या सुरुवातीला ट्रक आला. भट्ट्या विझल्या, बोचकी चढली, तिचा नवराही चढला. ती खाली उभी राहिली. तिच्या हाती तेव्हा सहा गाठी होत्या.

त्या दिवशी मी ठरवलं, आता बास. रजा टाकली आणि रोज सकाळी रोपवाटिकेच्या फाटकात खुर्ची टाकून बसायला लागले. येईल त्याला रस्त्यावरूनच बारामतीच्या दवाखान्याकडे वळवायचं. मावशीच्या दारापर्यंत कुणी पोचलं नाही तर तिला नाही म्हणायची वेळच येणार नाही. लोकांनी शिव्या दिल्या, एकाने माझ्या वरिष्ठांना फोन केला, पण मी हलले नाही. सहाच्या पाच झाल्या, तीन झाल्या. शेवटची गाठ लोणी भापकरच्या एका आबांच्या घोट्याची, ती गुरुवारी सुटणार होती. शुक्रवारची एसटी ठरली. मावशीने बोचकं बांधून दाराशी ठेवलं. त्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

मंगळवारी दुपारी घरून फोन आला. सासूबाई गोठ्यात घसरल्या होत्या, उजवं मनगट.

आम्ही दोघं नवरा-बायको त्यांना घेऊन बारामतीला गेलो. एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर घालून टाकू. सासूबाई खुर्चीतून उठल्याच.

"साऱ्या मुलखाचे हात-पाय तुजी मावशी बांधती," त्या मला म्हणाल्या, "आन माजाच तेवढा हात चुन्यात घालतीस व्हय?"

"आत्या, मावशी गावाला निघाल्यात. त्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे."

"गेली का?"

"शुक्रवारी जाणार."

"मंग हाय न्हवं अजून."

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आई म्हणतीय तर जाऊ ना. तुझंच तर काम आहे ते." दवाखान्यातले चार लोक आमच्याकडे बघायला लागले होते. मी तिथे ओरडायला हवं होतं. खाली बसकण मारून म्हणायला हवं होतं की प्लास्टर घातल्याशिवाय मी हलणार नाही. पंधरा दिवस परक्या माणसांना फाटकातून परत पाठवणारी मी, स्वतःच्या सासूसाठी मात्र गाडीचं दार उघडून धरलं. गाडीत बसले. कऱ्हाटीच्या रस्त्याला गाडी लागली, तरी मी गाडी थांबवा म्हटलं नाही.

मावशी दारात उभी होती. तिने गाडी पाहिली, गाडीतून कोण उतरतंय ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कांडवेल तोडायला वाफ्याकडे गेली.

हाड बसवून झालं, कामट्या लावून झाल्या. पट्टीचं शेवटचं टोक हातात घेऊन ती थांबली.

"ताई, हिकडं बस," ती म्हणाली. "माज्याजवळ. तुजा हात माज्या हातावर ठिव. आपन दोघी गाठ मारू. मंग ती तुजी गाठ. एकवीस दिसांनी तू सोड. मी जाते."

मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच. माज्या आयनं मला असाच हात दिला." तिने मला फसवलं नाही, सगळं सांगितलं. "पर हात घेतला की नेम बी आला. मंग तुज्या दारात येईल त्येला न्हाय म्हनायचं न्हाय. गाठ ठिवून कुटं जायाचं न्हाय. मी शिकवीन सारं, दिवाळीला आली की."

मी या गोष्टी मानत नाही. कोणी विचारलं असतं तर तेव्हाही हेच सांगितलं असतं. मग हात ठेवायला काय हरकत होती? एक क्षण ठेवायचा, ती शुक्रवारी घाट उतरली असती, पुढे मी काय पाळायचं आणि काय नाही ते माझं मी बघितलं असतं. पण मला माझं दार दिसलं. वडगावातल्या आमच्या ओट्यावर बसलेली माणसं, मोडलेले हात, मुलाच्या परीक्षेला, माहेरच्या लग्नाला, कुठेच न निघू शकणारी मी. तिचं सहा-सात महिन्यांचं आयुष्य मी शेजारी बसून पाहिलं होतं, ते नेमकं कसं असतं हे मला कोणापेक्षाही चांगलं माहीत होतं. सासूबाई कामट्यांकडे बघत होत्या. नवरा बाहेर फोनवर होता. मला कोणी अडवलं नव्हतं.

मी हात ओढणीखाली घेतला.

मावशीने क्षणभर वाट पाहिली आणि गाठ एकटीने मारली. मग दाराशी गेली, बोचकं उचललं आणि आतल्या खुंटीला अडकवलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आठव्या दिवशी एक तोडगा सुचला. मावशीने गाठ सोडायची आणि लगेच सासूबाईंना प्लास्टर घालायचं. इतका सोपा! मी घरी तो मांडला. सासूबाई म्हणाल्या, "बसल्याला हात परत हलवू? कोळसेवालीच्या पोरीपाई?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याने 'कशाला विषय काढतेस' म्हणून तोंड फिरवलं. मी तो विषय पुन्हा काढला नाही. एकदाच विचारलं आणि आपण प्रयत्न केला असं स्वतःला सांगून मोकळी झाले.

तेराव्या दिवशी सकाळी घाटाखालून मावशीच्या नवऱ्याचा फोन आला. मुलीला रात्रीपासून कळा लागल्या होत्या आणि ती दवाखान्यात जायला तयार नव्हती. मी स्कूटर काढली आणि अर्ध्या तासात खोलीवर पोचले. स्पीकर लावून फोन मावशीच्या तोंडाशी धरला. ती आपल्या भाषेत बोलत होती. मला एकच कळत होतं, ती विनवण्या करत होती, नंतर शिव्या देत होती, नंतर पुन्हा विनवण्या. पलीकडून मुलगी एकच शब्द म्हणत होती, तो मलाही कळला. आई.

शेवटी मुलगी कबूल झाली तेव्हा दुपार झाली होती. मग गाडी शोधण्यात वेळ गेला. संध्याकाळी फोन आला. मुलगी वाचली होती. बाळ गेलं होतं, मुलगा होता.

ते मावशीला मला सांगावं लागलं. तिने ऐकलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढवला. "तुला कुनी सांगितलं व्हतं ताई? मी तुला बोलवाया आली व्हती का? मी माजी भट्टीवर व्हती, माजी चार हाडं बांदत व्हती. तू मला हितं आनून बसवलीस." मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "चुकलं न्हाय. तू हात मागं घेतलास तवा तुला सारं कळत व्हतं."

खरंच कळत होतं.

राहिलेले आठ दिवस ती तिथेच राहिली. एकविसाव्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन गेले. तिने गाठ सोडली, कामट्या काढल्या, मनगट दोन्ही बाजूंना फिरवून पाहिलं, बोटं एकेक मिटवून उघडून घेतली. कामात कुठेही राग नव्हता. सासूबाईंनी नारळ पुढे केला, तो तिने घेतला. मी तिला बारामतीच्या स्टँडवर सोडलं. एसटीत ती खिडकीशी बसली आणि गाडी सुटली तरी तिने बाहेर पाहिलं नाही. त्या दिवाळीला कोळसेवाल्यांचा ट्रक आला, त्यात ती नव्हती. मी तिच्या नवऱ्याला विचारायचं धाडस केलं नाही.

सासूबाईंचा हात उत्तम बसला. त्या वयात इतकं सरळ हाड बसलेलं पाहिलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाहुण्यांना त्या मनगट फिरवून दाखवतात आणि म्हणतात, "आमच्या सुनंची किमया." महिन्याभराने त्या पुन्हा चुलीपुढे बसल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी पीठ मळलं, दोन्ही हातांनी भाकरी थापली आणि पहिली, गरम, टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली. अजूनही रोज दुपारी त्याच भाकऱ्या थापतात, आणि मी जेवते.